बोटीच्या इंजिनाचे कॅम बुश घरी बसवावेत का? सल्ला हवा

पाजपंढरीकर
मंडळी, पावसाळ्याची मासेमारी बंदी लागली तशी बोट वर ओढली आणि इंजिन उतरवून घरच्या पडवीत आणलंय. लेलँडचं जुनं सहा सिलिंडर. गेल्या सीझनला गरम झालं की स्लोवर (इंजिन सावकाश चालताना) ऑइल प्रेशर पार झोपायचं. क्रँकचे मेन, बिगएंड बेअरिंग नवीन टाकून झाले, पंप बदलून झाला, फरक शून्य. आता उघडल्यावर कॅम (व्हॉल्व उघडणारा दांडा) हाताने धरून हलवला तर चक्क वरखाली होतोय. तो ज्या गोल कड्यांत फिरतो त्यातल्या मधल्या बुशांचं व्हाइट मेटल, म्हणजे आतला मऊ धातूचा थर, उडून खालचं स्टील दिसतंय. नवा सेट आणलाय. आमचा मिस्त्री म्हणतो, लाकडी ठोकळा धरून हातोडीने मारून देतो. मला काही ते पटत नाही. वर्कशॉपला ब्लॉक न्यायचा तर टेम्पो, माणसं आणि तिथली रांग, आणि ३१ जुलैला बंदी संपते. घरी जमेल का? टूल कुठलं घेऊ?

देवगडचो झिल
मिस्त्रीक आधी चाय दे आणि हातोडी लपव. बुश तिरको गेलो की काढूचोच लागतलो, आणि काढलेलो बुश परत धड बसाचो नाय.

लेथवाला_चिपळूण
दादा, घरी जमतं. टूल विकत घेऊ नका, एकदाच लागणार आहे. जवळच्या लेथवर पायरीचा मँड्रेल (बुश ढकलणारा गोल ठोकळा) करून घ्या: पुढची पायरी बुशच्या आतल्या मापाला सैलसर, मागची बुशच्या बाहेरच्या मापापेक्षा थोडी कमी, म्हणजे तो घरातून (ब्लॉकमधल्या बुशच्या भोकातून) आरपार जाईल. मधून लांब आट्यांचा रॉड, दुसऱ्या टोकाला ब्लॉकवर टेकणारी जाड प्लेट, नट आणि तो दाबाखाली सहज फिरावा म्हणून थ्रस्ट बेअरिंग. पान्याने नट फिरवत बुश ओढून घ्यायचा. ठोकण्यात आणि ओढण्यात फरक असा की ओढताना बुश वाकडा जायला लागला तर पान्याला आधी कळतं. तिथेच थांबता येतं.

जुने बुश काढण्याआधी प्रत्येकाचं ऑइल होल कुठल्या दिशेला आहे आणि बुशची कड घराच्या तोंडापासून किती आत आहे, ते मोजून ब्लॉकवर मार्करने लिहा. फोटोही काढा. नव्या सेटमधले सगळे बुश एका मापाचे असतील असं धरू नका, काही इंजिनांत कॅमचे जर्नल (बुशात फिरणारे गोल भाग) पुढून मागे लहान होत जातात. व्हर्नियरने प्रत्येक बुश मोजून त्याच्या घराचा नंबर टाका.

होल जुळणं हाच या कामाचा जीव. मेन बेअरिंगच्या खोबणीतून कॅमकडे जाणाऱ्या भोकात सरळ तार घाला. ती बुशमधून बिनअडथळा बाहेर आली पाहिजे. अर्धं होल झाकलं तरी तो बुश उपाशी राहतो, आणि बऱ्याच इंजिनांत रॉकरचं (हेडवर व्हॉल्व दाबणाऱ्या भागांचं) तेल एखाद्या कॅम बुशमधूनच वर जातं. तिथे चूक झाली तर वरचं हेड कोरडं.

गुहागर_डिझेल
बुश आदल्या रात्री फ्रीझरमध्ये ठेवा, मऊ जातात.

लेथवाला_चिपळूण
ठेवा, पण फार अपेक्षा नको. ५० मिमीचा स्टीलचा बुश ४५-५० अंशांनी थंड झाला तर जेमतेम ०.०३ मिमी आकसतो. शिवाय आपल्याकडे आषाढात गार बुश बाहेर काढला की मिनिटात त्यावर दव धरतं. तो ओला बुश तसाच घरात गेला तर मागे गंज. पुसून, पातळ तेल लावून लगेच ओढा. (मासळीच्या फ्रीझरमध्ये पिशवीत बांधून ठेवा, नाहीतर घरच्यांची बोलणी तुम्हालाच खावी लागतील.)

पाजपंढरीकर
भाऊ, मँड्रेल झाला, बुशही बसले. तारा सगळीकडून पास. पण कॅम आत घातला तर मध्ये एका ठिकाणी घट्ट होतोय, हाताने पूर्ण फिरत नाही. मिस्त्री म्हणतो रीमर (भोक मोठं करायचं हत्यार) मारू.

गुहागर_डिझेल
रीमर मारून टाका, आमच्याकडे सगळे मारतात.

लेथवाला_चिपळूण
थांबा. आधी पाकिटावर बघा. अर्धवट मापाचे बुश असतील तर बसवल्यावर लाइन बोअरिंग (सगळे बुश एका रेषेत आतून कापणं) किंवा रीमिंग करावंच लागतं. फिनिश मापाचे असतील तर रीमरने वरचा पातळ थर जाईल आणि दोन सीझनमध्ये परत हीच गोष्ट. तुमच्या वर्णनावरून फिनिश वाटतात, कारण बाकीच्या बुशांत कॅम मोकळा आहे.

मग दोष कॅमचा की बुशचा, ते ठरवा. कॅम व्ही-ब्लॉकवर (खाचेच्या ठोकळ्यांवर) ठेवून मधल्या जर्नलवर डायल गेज लावा आणि फिरवून बघा. कॅम वाकला असेल तर बुश खरवडून उपयोग नाही. सरळ असेल तर जर्नलला निळा रंग अगदी पातळ लावून कॅम आत घाला, थोडा फिरवा, काढा. बुशवर जिथे निळं चमकतंय तो उंचवटा. बहुतेक वेळा तो कडेला सापडतो, कारण घराच्या तोंडावरची बारीक धार बुशला आत ढकलते. तेवढंच स्क्रेपरने हलक्या हाताने. पॉलिश पेपर बिलकुल नको, त्याची रेती व्हाइट मेटलमध्ये रुतते. क्लिअरन्स (जर्नल आणि बुशमधली फट) साधारण ०.०५ ते ०.१० मिमी असतो, पण तुमच्या मॅन्युअलचा आकडा अंतिम.

आणि ब्लॉक कॉस्टिकच्या टाकीत घालायचा राहिला असेल तर आता घालू नका, ते बुश खातं.

पाजपंढरीकर
धुणं आधीच झालंय. पाण्याने धुतल्यावर पंख्याखाली ठेवेपर्यंत बोअरवर लाली आली होती, खारी हवा! परत तेल चोळलं. कॅम सरळ निघाला, उंचवटा कडेलाच होता. आता दोन बोटांनी फिरतोय.

लेथवाला_चिपळूण
मस्त. आता सम्प (खालची तेलाची टाकी) लावण्याआधी एक करा. क्रँक आणि मेन बसवून झाल्यावर प्रेशर गेजच्या भोकातून गॅलरीत (ब्लॉकमधल्या तेलाच्या मुख्य वाटेत) तेल दाबून द्या. आंब्यावर फवारायचा हातपंप असतो ना, तसा एक नवा, औषध न लागलेला घ्या, नोझल काढा, तेल कोमट करा. क्रँक सावकाश फिरवत प्रत्येक कॅम बुशच्या कडेने तेल गळतंय का, ते टॉर्च मारून बघा. जिथे कोरडं, तिथे परत तार. कॅमच्या मागचा डमी प्लग (तिथलं भोक बंद करणारी चकती) जुना घालू नका. तो गळला तर इंजिन पुन्हा बोटीतून उतरवावं लागेल.