एअर फ्रायरमधले फ्राइज वरून चिवट आणि आतून लिबलिबीत, कुठे चुकतंय?

अर्धा_चमचा_तेल
नमस्कार मंडळी, महिना झाला मी बटाट्याशी झुंजतेय आणि दर वेळी बटाटाच जिंकतोय म्हणून शेवटी इथे विचारतेय. बाबांना डॉक्टरांनी तळलेलं कमी करा म्हणून सांगितलंय आणि त्यांचा जीव फ्राइजवर, त्यामुळे एअर फ्रायर घेतला. मी काय करते ते सगळं सांगते म्हणजे शिव्या घालायला सोपं जाईल. बटाटे सोलते, बोटाच्या जाडीचे काप करते, नळाखाली एकदा खंगाळते, मग दोन मोठे चमचे तेल, मीठ, तिखट सगळं एकदमच चोळून बास्केट गच्च भरते आणि १८० डिग्रीला २५ मिनिटं. मधे एकदा हलवते, आठवण राहिली तर. बाहेर येतात तेव्हा टोकं काळपट, मधला भाग लिबलिबीत आणि वरून चामड्यासारखा थर. परवा बाबांनी एक काप टोकाला धरून उभा केला, त्याने हळूहळू मान टाकली, तर बाबा म्हणाले, "याला पण बरं नाहीये वाटतं."
तेल वाढवलं तर सुधारेल का? पण मग एवढं मशीन घेऊन काय मिळवलं? हो, आणि बटाटे मी फ्रीजमध्ये ठेवते, याचा काही संबंध असेल तर.

बटाटेबुवा
ताई, तेल वाढवू नका, पाणी घालवा. सगळी गोम तिथेच आहे.
बटाट्यात वजनाच्या जवळपास ८० टक्के पाणी असतं. वरचा पापुद्रा ओला आहे तोवर त्याचं तापमान १०० च्या वर जातच नाही, आणि छान सोनेरी रंग नि खमंग वास यायला साधारण १४० तरी लागतं. म्हणजे पहिली दहा-पंधरा मिनिटं तुमचं मशीन फक्त पाणी उडवत बसतं. त्यात बास्केट गच्च भरलेली, मग वाफ जाणार कुठे, ती तिथल्या तिथेच फिरते आणि तुमचे फ्राइज भाजले न जाता चक्क वाफवले जातात. कढईत तेल चहूबाजूंनी चिकटून भराभर उष्णता देतं म्हणून तिथे हे सगळं खपून जातं, हवा तेवढी जोरकस नाही. एअर फ्रायर म्हणजे शेवटी जोरात पंखा असलेला छोटा ओव्हनच, त्या पंख्याला कापांच्या मधून वाट तर मिळाली पाहिजे.
मी करतो ते असं. एक सेंटिमीटर जाडीचे काप, सगळे एकसारखे (जाडबारीक असले की बारीक जळतात आणि जाड कच्चे, तुमच्या काळ्या टोकांचं एक कारण हेच). गार पाण्यात अर्धा तास भिजत, मधे एकदा पाणी बदलायचं. पहिलं पाणी बघा, दुधासारखं पांढरं होतं, तो कापताना फुटलेल्या पेशींतला स्टार्च. तो वर राहिला की काप एकमेकांना चिकटतात आणि डाग पडल्यासारखे लाल होतात. मग निथळून कापडावर पसरायचे आणि पुसायचे. पुसायचे म्हणजे खरंच पुसायचे हां, हात लावल्यावर ओलसर लागता कामा नये. लोक भिजवतात मनापासून आणि पुसायच्या वेळी कंटाळतात, आणि मग म्हणतात भिजवून काही फरक पडत नाही.
त्यानंतर अर्ध्या किलोला एक मोठा चमचा तेल, जास्त नाही. २०० डिग्री, मशीन आधी तापवून, बास्केटमध्ये एकाच थरात. दर पाच मिनिटांनी हलवायचं. दोन घाण्यात करावे लागतील, इलाज नाही.
मीठ शेवटी! आधी घातलं की ते आतलं पाणी ओढून वर आणतं, म्हणजे तुम्ही पुसलेलं सगळं वाया. तिखटही शेवटीच, तुमचा काळेपणा निम्मा तिखट जळल्याचाच असणार.

कढईवाला
माझं स्पष्ट मत, महिन्यातून एकदा खा पण तळलेलेच खा. गरम हवेतून निघालेल्याला फ्राइज म्हणायचं म्हणजे बटाट्याचा अपमान आहे.

रविवारची_सुट्टी
बुवांशी सहमत पण ते एक पायरी विसरले. नुसतं भिजवून एअर फ्रायरमध्ये टाकलं की आतून मऊ आणि वरून कुरकुरीत असं दोन्ही एकदम साधत नाही, कारण आतला भाग शिजेपर्यंत वरचा सुकून कडक होतो. अर्धा_चमचा_तेल म्हणतायत तो चामड्यासारखा थर हाच. त्यासाठी आधी अर्धवट उकडायचं. लिटरभर पाण्यात एक मोठा चमचा व्हिनेगर आणि थोडं मीठ, काप गार पाण्यातच घालून मग गॅस लावायचा, उकळी आली की आच मंद करून ७-८ मिनिटं. सुरी सहज शिरली पाहिजे पण काप तुटता कामा नये. चाळणीत काढले की ५ मिनिटं तसेच राहू द्या, त्यांच्याच उष्णतेने वरचं पाणी वाफ होऊन उडतं, म्हणजे पुसायचं अर्धं काम फुकटात. मग पसरून पूर्ण गार करायचे. गार झाल्यावर बोट फिरवून बघा, पृष्ठभाग किंचित खरखरीत आणि पिठूळ लागतो, तोच पुढे कुरकुरीत होतो.

अर्धा_चमचा_तेल
बापरे मी तर सगळंच उलटं करत होते. व्हिनेगरने आंबट नाही लागत का? आणि मी कुठेतरी ऐकलं होतं की खायचा सोडा घालायचा उकडताना, ते खरं का?

लॅबमधली_सुगरण
आंबट लागत नाही, एवढ्या पाण्यात तो चमचा कुठल्या कुठे जातो. सोड्याचं उत्तर थोडं लांबेल. बटाट्याच्या पेशी एकमेकींना पेक्टिनने चिकटलेल्या असतात, सिमेंट समजा. आंबट पाण्यात ते पेक्टिन लवकर विरघळत नाही म्हणून काप सात-आठ मिनिटं उकळूनही आकार धरून राहतात. सोड्याच्या पाण्यात बरोबर उलटं, पेक्टिन भराभर सुटतं आणि वरचा थर पिठासारखा फुटतो. मोठ्या फोडी ओव्हनमध्ये भाजायच्या असतील तर हे फुटणं फारच छान, कारण त्या खडबडीत थराचं मस्त कुरकुरीत कवच होतं. पण बारीक लांब कापांना सोडा घातलात तर चाळणीत बटाट्याचा लगदा मिळेल. मी केलंय, त्या दिवशी आम्ही सूप प्यायलो. तर फोडींना सोडा, फ्राइजना व्हिनेगर, दोन्ही एकत्र अर्थातच नाही.

आता फ्रीज. संबंध आहे, आणि कोणी त्यावर बोललं नाही म्हणून मी लिहायला बसले. बटाटा फार गार जागी राहिला की त्यातल्या स्टार्चची हळूहळू साखर व्हायला लागते. चवीला किंचित गोड लागतो ना कधीकधी, ते हेच. ही साखर तापली की लवकर लाल आणि मग काळी होते, म्हणून तुमची टोकं आतलं शिजायच्या आधीच करपतात. तुम्हाला वाटतं मशीन जास्त तापतंय म्हणून तुम्ही तापमान उतरवता, आणि मग आणखीनच लिबलिबीत! दुसरं म्हणजे ही साखर आणि बटाट्यातलं अ‍ॅस्पॅराजीन नावाचं अमिनो आम्ल १२० डिग्रीच्या वर एकत्र आलं की अ‍ॅक्रिलामाइड तयार होतं. २००२ साली स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी ते तळलेल्या-भाजलेल्या पदार्थांत असतं हे दाखवलं तेव्हा बरीच खळबळ झाली होती. जनावरांवरच्या प्रयोगांत त्याने कॅन्सर होतो असं दिसलंय, म्हणून कमी पोटात गेलेलं बरं, पण एका प्लेटने घाबरून जायचं काही कारण नाही. आणि एअर फ्रायर आहे म्हणजे ते होतच नाही असंही नाही, ते तेलामुळे नाही, तापमान आणि रंगामुळे होतं. उकडलेल्या बटाट्यात मात्र जवळजवळ नसतंच, कारण पाणी १०० च्या वर जात नाही.
मग करायचं काय, तर बटाटे बाहेर अंधाऱ्या हवेशीर जागी ठेवायचे, काप भिजवायचे (साखरही धुऊन जाते थोडी), आणि फिक्या सोनेरी रंगावर काढायचे. चॉकलेटी रंग येईपर्यंत थांबू नका, जास्त कुरकुरीत होत नाहीत, फक्त कडू होतात. आणि बाहेर ठेवलेले बटाटे हिरवे पडले किंवा मोड आले तर तो भाग चांगला खोलवर कापून टाका, फारच हिरवा असेल तर अख्खा बटाटाच टाका. त्यात सोलॅनिन नावाचं विष असतं, ते उकडून तळून जात नाही.

कढईवाला
मगाशी उगाच टपली मारली, आता थोडं कामाचं सांगतो. बाबांना महिन्यातून एखाद वेळी तळलेले द्यायचेच झाले तर फ्राइज तेल कमी कसे पितील त्याचीही युक्ती आहे. काप तेलात असतो तोवर आतून वाफ जोरात बाहेर पडत असते, ती तेलाला आत येऊच देत नाही. खरं तेल शिरतं ते बाहेर काढल्यावर, काप निवायला लागला की आतली वाफ आक्रसते आणि वर चिकटलेलं तेल आत ओढलं जातं. म्हणजे पहिला अर्धा-एक मिनिट महत्त्वाचा. झारा कढईवर तीन-चारदा जोरात झटकायचा आणि लगेच कागदावर टिपायचे, फोनवर बोलत ताटात तसेच ठेवायचे नाहीत. आणि जाड काप करा, बारीक कापांना वजनाच्या मानाने पृष्ठभाग जास्त म्हणून तेलही जास्त. तेवढं लक्षात ठेवलं तरी बराच फरक पडतो.
एअर फ्रायरवाल्यांशी माझं भांडण तरीही कायम.

तोळामासा
हिशेब करणाऱ्यांसाठी. कच्चा बटाटा १०० ग्रॅमला ७७ कॅलरी, म्हणजे अर्ध्या किलोचे ३८५. एक मोठा चमचा तेल साधारण १४ ग्रॅम, त्याचे १२० च्या आसपास. एकूण ५०५, तिघांत वाटले तर माणशी १७० सुद्धा नाही. तळलेले फ्राइज १०० ग्रॅमला ३१२ कॅलरी आणि १५ ग्रॅम फॅट. (हे १०० ग्रॅम तळून झाल्यावरचे, पाणी उडालेले, त्यामुळे कच्च्याशी सरळ तुलना करू नका, पण फॅटचा अंदाज येतो.) अर्धा_चमचा_तेल, तुम्ही दोन मोठे चमचे घालत होतात म्हणजे नावाच्या चौपट तेल 😄
साल ठेवा की. स्वच्छ घासून धुतली तर सालीसकट छानच लागतात, फायबर जातं पोटात आणि सोलायचे कष्ट वाचतात.

पीठ_मीठ_तिखट
कॉर्नफ्लोअर कोणीच नाही बोललं? पुसलेल्या कापांना अर्ध्या किलोला एक मोठा चमचा भुरभुरवायचं, मग तेल. एकदम कडक होतात.

बटाटेबुवा
होतात, पण कुरकुरीतपणा कॉर्नफ्लोअरचा असतो, बटाट्याचा नाही, आणि जरा जास्त झालं की पांढरे पिठाचे ठिपके राहतात. घाई असेल, उकडायला वेळ नसेल तर चालेल. मी घालत नाही. आणि ते स्प्रेच्या डब्यातलं तेल वापरत असाल तर लेबल बघा, काहींत लेसिथिन असतं, त्याचा चिकट पिवळा थर बास्केटवर बसतो आणि घासूनही निघत नाही. वाडग्यात घेऊन हाताने चोळलेलं उत्तम, सगळीकडे लागतं.
बटाटा कुठला घेता हेही बघा. पिठूळ हवा, उकडल्यावर भुगा होणारा. कोवळा, पातळ सालीचा बटाटा पाणचट असतो, त्याचे हवे तसे होतच नाहीत. ओळखायचं कसं, तर एक कप मीठ ११ कप पाण्यात विरघळवा आणि बटाटा सोडा, पिठूळ जड असतो म्हणून बुडतो, चिकट जातीचा तरंगतो.

अर्धा_चमचा_तेल
मी परत आले, रविवारी केले! अकरा कप पाणी काही मी केलं नाही, बुवा माफ करा, एक बटाटा उकडून बघितला सरळ. बाकी सगळं केलं, साल ठेवली, व्हिनेगर, ८ मिनिटं, चाळणीत वाफ जाऊ दिली, कापडावर पसरून पंख्याखाली ठेवले. तेल मोजून एक चमचा. २०० वर पहिल्या घाण्याला १६ मिनिटं लागली, आणि हलवताना आवाज आला हो! खडखड असा, कोरड्या शेंगा हलवल्यासारखा. मी स्वयंपाकघरातून ओरडलेच.
दुसऱ्या घाण्यात मात्र माती खाल्ली. बाबा दोनदा डोकावून गेले म्हणून उरलेले सगळे एकदम कोंबले, आणि ते परत तसेच मऊ, म्हणजे बाकी सगळं बरोबर करून फक्त गर्दीने वाट लावली. अर्धे बाहेर काढून अर्धे परत ५ मिनिटं लावले तेव्हा सुधारले. बाबांनी एक काप उभा धरला. उभा राहिला. मीठ थोडं कमी वाटलं त्यांना, पण वरून घातलेलं असल्याने जिभेला लगेच लागतं म्हणून तेवढ्यातच भागलं, तोही फायदाच.
एकच प्रश्न उरला, आधीच उकडून ठेवले तर चालतील का, म्हणजे ऐनवेळी फक्त भाजायचे?

रविवारची_सुट्टी
चालतील, उलट बरेच होतील. उकडून, पुसून, ताटात सुटे पसरून फ्रीझरमध्ये कडक करा आणि मग पिशवीत भरा, नाहीतर सगळ्यांचा मिळून एक दगड होतो. गोठताना पाण्याचे स्फटिक पेशी फोडतात म्हणून आतून जास्तच हलके लागतात. भाजताना वितळू देऊ नका, थेट बास्केटमध्ये, ३-४ मिनिटं जास्त. बटाटे एकदा उकडलेले असल्याने ती साखर होण्याची भानगडही नाही.

कढईवाला
उभा राहिला म्हणताय तर एकदा करून बघतो. कोणाला सांगू नका.