लेकरांना ढोरं-वासरं दाखवायची आहेत, शेत सुचवा

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. आम्ही हिंगणघाटचे. डिसेंबरात पुण्याहून बहीण येतेय, तिची दोन पोट्टी आणि आमची एक. वयं ४, ६ आणि ९. सोबत आई, तिचे गुडघे दुखतात. सकाळी जाऊन संध्याकाळी परत, असं एखादं शेत पाहिजे.

मागच्या वर्षी एका ‘कृषी पर्यटन’वाल्याकडे गेलो होतो. माणशी पैसे घेतले अन् दाखवलं काय, तर पिंजऱ्यात दोन ससे आणि स्विमिंग पूल! बंडी होती, पण शोभेची. जुवाला बैलच नाही. पोरगी दिवसभर विचारत होती, "बाबा, गाय कुठी हाय?"

म्हणून खरा गोठा हवा. आर्वी-आष्टी-कारंजाकडे अजून कोणी गवळाऊ गाई पाळून असेल तर फारच छान. आपल्या वर्ध्याची पांढरी गाय आपल्याच पोरांनी पाहिली नाही, हे मनाला लागतं. वऱ्हाडी बकऱ्या, कोंबड्या असल्या तर उत्तमच. लेकरांना करडू मांडीवर घेऊ देणारा मालक असावा.

जेवण साधंच चालेल, रोडगे-वांग्याची भाजी. हुरडा निघाला असेल तर विचारूच नका.

दोन गोष्टी नक्की सांगा: कुत्रे बांधलेले असतात का, आणि आईसाठी कमोड आहे का? स्वतः जाऊन आलेल्यांनीच सांगा बाप्पा, जाहिराती नकोत. ओळखीच्या शेतकऱ्याकडे घरगुती सोय होत असेल तरी चालेल, पैसे रीतसर देऊ.