‘दोघांनाही भूतकाळ होता’ हे मराठी आहे का?

मांजराकाठ (लातूर): एका इंग्रजी प्रेमकादंबरीचं भाषांतर चालू आहे. नायिका कोर्टातून नवऱ्यापासून मोकळी झालेली, नायक तुरुंगातून सुटून आलेला. पहिल्याच पानावर वाक्य येतं, ‘दोघांनाही भूतकाळ होता’. संपादक म्हणतात, राहू द्या. पण भूतकाळ कुणाला नसतो? ‘पूर्वायुष्य’ घातलं की चरित्रग्रंथ वाटतो, ‘गतायुष्य’ घातलं की माणसं साठीची वाटतात.

गोदाकाठ (नांदेड): भूतकाळ असतो क्रियापदाला. माणसाचं असतं ते ‘मागचं’. पण तेही नुसतं ‘असत’ नाही. ते निघतं, उकरलं जातं, विसरलं जातं. म्हणून वाक्यच फिरवा: ‘मागचं निघू नये असं दोघांनाही वाटत होतं.’

सिंदफणा (बीड): नामाच्या मागे लागूच नका. आपली भाषा हे सगळं ‘-लेला, -लेली’त सांगते: शिक्षा भोगून आलेला, सोडून दिलेली, माहेरी बसलेली. यात फरक मात्र मोठे आहेत. ‘टाकलेली’ म्हटलं की वागणं नवऱ्याचं आणि डाग बाईवर. ‘माहेरी बसलेली’ म्हणजे प्रकरण अजून मिटलेलं नाही. ‘नांदायला गेली नाही’ यात तिची स्वतःची मर्जी दिसते. तुमची नायिका आपणहून निघाली असेल आणि तुम्ही तिला ‘टाकलेली’ केलंत, तर पुढचं सगळं प्रेम दयेवर उभं राहील.

मांजराकाठ: आपणहूनच निघालीय. तिच्या तोंडी ‘माझी फारकत झालीय’ चालेल?

दुधना (परभणी): सुंदर चालेल. उर्दूत फुरकत म्हणजे विरह, गझलांमध्ये सारखा येतो. फारकत त्यातूनच आली.

गोदाकाठ: नाही. फारिग म्हणजे मोकळा आणि खत म्हणजे लेख. फारिगखत, फारखत, फारकत. जुन्या कागदांत कर्ज फिटल्याचीही फारखत सापडते. हा हक्क सोडल्याचा कागद आहे, विरहाचा नव्हे.

दुधना: कागदात तसं असेल. पण मराठवाड्यात १९४८ पर्यंत सरकारदरबारची भाषा उर्दू होती. इथल्या कानात दोन्ही शब्द एकत्र वाजले नसतील कशावरून?

पूर्णा (हिंगोली): ‘घटस्फोट’सारखा स्वच्छ शब्द असताना फारशी-अरबी का उसनी घ्यायची?

गोदाकाठ: घटस्फोटाचा लग्नाशी मूळ संबंधच नाही. पतिताला वाळीत टाकताना त्याचे नातलग पाण्याने भरलेला घडा दासीकडून लाथेने उलटवून घेत आणि तो मेला असं धरत. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात हा विधी आहे. त्यापेक्षा मोकळं झाल्याचा कागद बरा.

पूर्णा: आज तो अर्थ कुणाच्या मनात येत नाही. रूढ झाला तो शब्द खरा.

सिंदफणा: मग हाच न्याय फारकतीला लावा की.

तेरणा (धाराशिव): कायद्याच्या बाजूने एक अडचण. फारकत किंवा काडीमोड म्हटलं की आपल्याकडचा वाचक पंचांसमोरचा किंवा स्टॅम्पपेपरवरचा कागद समजतो. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम २९(२) नं रूढीतली सोडचिठ्ठी राखली आहे, पण ती रूढी आपल्या समाजात जुनी आणि अखंड आहे हे सांगणाऱ्याला सिद्ध करावं लागतं. नाही जमलं तर पहिलं लग्न कायम आणि दुसरं रद्दबातल. कादंबरीत शेवटी लग्न असेल, तर वाचकाच्या मनात ही शंका राहील. मूळ गोष्टीत कोर्टाचा हुकूम आहे ना? मग निवेदनात ‘घटस्फोट’ ठेवा आणि बोलण्यात ‘मी मोकळी झालेय’.

दुधना: ‘मोकळी’ म्हणजे फारिगच झालं हे.

सिंदफणा: काडीमोड झाला म्हणता की झाली? मोडतोड, ताटातूट स्त्रीलिंगी, मग काडीमोड पुल्लिंगी कसा?

तेरणा: पंचांपुढे खरंच काडी मोडून दोन तुकडे करत, त्यावरून शब्द आला. लिहिताना ‘काडीमोड घेतला’च.

सिंदफणा: नाण्यांची ‘मोड’ही स्त्रीलिंगी. ‘झाली’च बरोबर.

पूर्णा: कडधान्याला येतो तो ‘मोड’ पुल्लिंगी असतो, त्याचं काय?