मदत हवी आहे: दूध संकलन केंद्रांवरील टॅब्लेट आणि सर्व्हर यांच्यातील संदेशांची वर्दळ कमी कशी करावी?

नमस्कार मंडळी,

मी एका सहकारी दूध संघाच्या संगणक विभागात काम करतो. संघाची १४० गावांत संकलन केंद्रे असून प्रत्येक केंद्रावर वजनकाट्याला आणि फॅट मशीनला जोडलेला एक टॅब्लेट आहे. सभासदाने दूध घातले की लिटर, फॅट आणि एसएनएफ (दुधातले फॅट सोडून इतर घन घटक) हे आकडे आपोआप टॅब्लेटवर येतात, तिथून सर्व्हरकडे जातात, सर्व्हर दर लावून रक्कम परत पाठवतो आणि मगच पावती छापली जाते. ही व्यवस्था एका ठेकेदाराने बसवून दिली होती. आता तिची देखभाल आम्हा दोघांकडे आहे.

अडचण अशी की सकाळी साडेसहा ते साडेसात, म्हणजे रांग सर्वांत मोठी असते नेमकी तेव्हाच, पावती निघायला आठ-दहा सेकंद लागतात आणि कधीकधी ती निघतच नाही. गेल्या आठवड्यात मी डोंगराकडच्या एका केंद्रावर सकाळभर उभा राहिलो. तीन लिटरची किटली घेऊन आलेल्या एका आजींना दुसऱ्याच्या रानात खुरपणीला जायचे होते. पावती येईना, म्हणून सचिवांनी त्यांच्या कार्डावर पेनाने आकडे लिहून दिले. दहा दिवसांच्या बिलात अशी हाताने लिहिलेली नोंद राहून गेली, तर तेवढे पैसे त्यांच्या हातून जातात. म्हणून हा प्रश्न मला नुसता वेगाचा वाटत नाही.

त्या टॅब्लेटवरची वाहतूक तपासली तेव्हा जे दिसले ते असे. टॅब्लेट दर ५ सेकंदांनी सर्व्हरला ‘काही नवीन आहे का?’ असे विचारतो आणि सर्व्हर दर वेळी संपूर्ण दरपत्रक पाठवतो. गायीच्या दुधासाठी फॅट ३.० ते ५.० आणि एसएनएफ ८.० ते ९.० असे २३१ दर त्यात असून जेसॉन (माहिती मजकूररूपात मांडण्याची पद्धत) स्वरूपात ते सुमारे ८ किलोबाइट भरते. दोन्ही वेळचे संकलन मिळून ६ तास धरले, तर एका टॅब्लेटच्या दिवसाला ४,३२० रिक्वेस्ट होतात आणि उत्तरांचाच डेटा साडेचौतीस मेगाबाइटपर्यंत जातो. त्याच केंद्रावरच्या ९० सभासदांच्या दोन वेळच्या १८० नोंदी, प्रत्येकी अडीचशे बाइट धरल्या, तरी सगळ्या मिळून ४५ किलोबाइट होतात. सगळ्या केंद्रांच्या मिळून ६,०४,८०० रिक्वेस्ट रोज सर्व्हरवर येतात, म्हणजे सेकंदाला सरासरी २८, आणि त्यांतल्या जवळजवळ सगळ्यांचे खरे उत्तर ‘काहीही बदललेले नाही’ एवढेच असते.

त्यात भर म्हणजे प्रत्येक रिक्वेस्टसाठी नवे कनेक्शन उघडले जाते. त्या केंद्रावर सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला ६०० मिलिसेकंद लागत होते. कनेक्शन जोडणाऱ्या टीसीपीची एक फेरी आणि ते सुरक्षित करणाऱ्या टीएलएस १.२ च्या दोन, म्हणजे कामाचा पहिला बाइट निघण्याआधीच १.८ सेकंद गेलेले असतात आणि प्रत्येक वेळी सर्व्हरचे प्रमाणपत्रही नव्याने खाली येते.

मला तीन गोष्टींबद्दल मार्गदर्शन हवे आहे. पोलिंग (असे सतत विचारत राहणे) सोडून एमक्यूटीटी या हलक्या संदेश-प्रोटोकॉलकडे वळावे का, की आहे तेच सुधारावे? नोंदी एकेक न पाठवता साठवून एकत्र पाठवल्या, तर मधल्या वेळेत टॅब्लेट बंद पडल्यावर त्यांचे काय? आणि तालुक्यातली वीज परत आली की तीस-चाळीस टॅब्लेट एकाच क्षणी जोडायला धावतात, त्याला आवर कसा घालावा?

प्रतिसाद १

आपण मोजमाप करून प्रश्न विचारला आहे, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. माझ्या मते पहिली दुरुस्ती प्रोटोकॉल न बदलताच करावी. सर्व्हरने दरपत्रकासोबत ईटॅग, म्हणजे त्या आवृत्तीची खूण, पाठवावा आणि टॅब्लेटने पुढच्या वेळी तोच ईटॅग परत दाखवून विचारावे. बदल नसेल तर सर्व्हर ३०४ हे उत्तर देतो आणि त्याला मजकूरच नसतो. ८ किलोबाइटच्या जागी काही शे बाइटची हेडर तेवढी उरतात. कनेक्शन उघडे ठेवले की हस्तांदोलनाच्या (कनेक्शन जुळवण्याच्या) फेऱ्या पहिल्याच वेळी होतील आणि पुढची प्रत्येक रिक्वेस्ट एका फेरीत, म्हणजे आपल्या त्या केंद्रावर ०.६ सेकंदात, पुरी होईल. टीएलएस १.३ वापरता आले, तर पहिल्या वेळचीही एक फेरी वाचते.

एमक्यूटीटी १९९९ मध्ये अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि अर्लेन निपर यांनी तेलवाहिन्यांवरच्या यंत्रांसाठी तयार केले. तिथे उपग्रहाची महागडी जोडणी होती, म्हणून त्याचे सर्वांत लहान संदेश अवघ्या २ बाइटचे आहेत. आपल्याला त्यातली ‘रिटेन्ड’ (जपून ठेवलेल्या) संदेशाची सोय उपयोगी पडेल. दरपत्रकाचा आवृत्ती क्रमांक रिटेन्ड म्हणून एकदा प्रसिद्ध केला, की जो टॅब्लेट जेव्हा जोडला जाईल तेव्हा त्याला तो ताबडतोब मिळतो आणि विचारत राहण्याची गरजच संपते. मधल्या शांततेत मोबाइल कंपनी कनेक्शन तोडू नये म्हणून अधूनमधून पिंग (जोडणी चालू असल्याची छोटी खूण) पाठवावा लागतो. सुरुवात चार मिनिटांच्या अंतराने करून पाहावी.

पावतीसाठी सर्व्हरची वाट पाहणे मात्र आधी बंद करा. दरपत्रक टॅब्लेटवर आहेच, मग रक्कम तिथेच काढावी, नोंद आधी टॅब्लेटमधल्या डेटाबेसमध्ये लिहावी, लगेच पावती छापावी आणि २० नोंदी जमल्या किंवा ६० सेकंद झाले, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा सगळ्या एकत्र पाठवाव्यात. डेटाबेसमध्ये लिहिलेली नोंद टॅब्लेट बंद पडून सुरू झाला तरी राहते. एकत्र पाठवण्याचा आणखी एक फायदा असा की अडीचशे बाइटच्या एकट्या नोंदीवर जीझिप या डेटा आवळण्याच्या पद्धतीचा फारसा उपयोग होत नाही, पण तीच ठेवण वीस वेळा आली की ती चांगलीच आवळली जाते. पोच म्हणून सर्व्हरने ‘अमुक क्रमांकापर्यंत सर्व मिळाले’ असा एकच आकडा परत पाठवला तरी पुरेल.

वीज आल्यावरच्या गर्दीसाठी प्रत्येक टॅब्लेटने काही यादृच्छिक सेकंद थांबून जोडणी करावी आणि अपयश आले की थांबण्याचा काळ दुप्पट करत न्यावा. सगळ्यांनी ठरावीक ५ सेकंदच थांबायचे ठरवले, तर गर्दी फक्त ५ सेकंद पुढे सरकते.

प्रतिसाद २

वरील बहुतेक मुद्द्यांशी सहमत आहे, पण देखभालीला दोनच माणसे असताना एमक्यूटीटीचे संदेश पोचवणारे ब्रोकर नावाचे आणखी एक यंत्र सांभाळायला घेण्याची घाई करू नये. दर बदलणार हे संघाला आदल्या दिवशीच माहीत असते. दरपत्रकावर ‘लागू दिनांक’ आणि ‘सकाळ/संध्याकाळ’ लिहून ते आधीच पाठवून ठेवा. मग टॅब्लेटने पंधरा मिनिटांतून एकदा विचारले तरी चालेल. प्रत्येक नोंदीबरोबर दरपत्रकाचा आवृत्ती क्रमांक जाऊ द्या आणि सर्व्हरने रक्कम पुन्हा काढून पडताळावी. जुन्या दराने एखादी पावती निघाली, तर ती बिलाच्या आधी सापडली पाहिजे.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. ब्रोकर तूर्त बाजूला ठेवून आम्ही त्याच केंद्रावर ईटॅग, उघडे कनेक्शन, पंधरा मिनिटांचे अंतर आणि स्थानिक पावती एवढेच बदल केले. पावती आता फॅट मशीनचा आकडा स्थिर होताच निघते, आणि दोन्ही वेळच्या मिळून ४,३२० ऐवजी २४ विचारणा होतात.

एक नवी अडचण मात्र दिसली. काल एका गठ्ठ्याची पोच रेंज गेल्यामुळे टॅब्लेटपर्यंत आली नाही, त्याने तो गठ्ठा पुन्हा पाठवला आणि १७ सभासदांचे दूध दोनदा जमा झाले. नोंदींना क्रमांक सर्व्हर देतो. तो टॅब्लेटनेच द्यावा का? तसे केले आणि टॅब्लेट बदलला, तर क्रमांक पुन्हा १ पासून सुरू होतील, ही भीती आहे.

प्रतिसाद १

होय, क्रमांक नोंद जन्मते तिथेच, म्हणजे टॅब्लेटवरच दिला पाहिजे. केंद्राचा सांकेतांक, टॅब्लेट बसवताना सर्व्हरने दिलेला स्थापना क्रमांक आणि त्यापुढे चालू क्रमांक अशी रचना ठेवा. टॅब्लेट बदलला की स्थापना क्रमांक बदलतो, त्यामुळे पुन्हा १ आला तरी टक्कर होत नाही. सर्व्हरच्या तक्त्यात या तिन्हींवर मिळून एकमेवतेचे बंधन (तोच क्रमांक दोनदा न घेण्याचा नियम) घाला आणि आधीच असलेली नोंद पुन्हा आली, तर त्रुटी न दाखवता नेहमीसारखी पोच द्या, नाहीतर टॅब्लेट तोच गठ्ठा पाठवत राहील. कालच्या १७ नोंदी सभासद, वेळ आणि लिटर जुळवून हाताने तपासा आणि रद्द करण्याआधी केंद्राच्या सचिवांकडच्या पावत्यांशी ताडून पाहा, कारण एखाद्या सभासदाने खरोखरच दोन कॅन दूध घातलेले असू शकते.