पुरात गेलेला जवान 'धारातीर्थी' पडतो का?

गिरणाकाठी: चाळीसगाव तालुक्यातल्या आमच्या गावी शाळेच्या भिंतीवर एका जवानाचा स्मृतिफलक बसवायचाय. सुट्टीवर आला असताना त्याने पुरातून दोन लेकरं काढली, पण तो स्वतः वाहून गेला. मजकुराच्या खर्ड्यात 'गिरणेच्या पुरात धारातीर्थी पडले' असं लिहून आलंय. लिहिणारे म्हणतात, धारा म्हणजे पाण्याचीच ना!

अमळनेरकर: नाही हो, ही धारा तलवारीची. शस्त्राची धार हेच तीर्थ, तिथे देह पडला तो धारातीर्थी. म्हणजे लढाईतच. चूक मात्र मोठी गोड आहे, नदीही आली आणि तीर्थही! 'वीरगती'लाही रणांगणाचाच वास आहे.

गिरणाकाठी: मग 'शहीद'?

अमळनेरकर: अरबी शब्द, मूळ अर्थ साक्षीदार. मला 'हुतात्मा' जवळचा वाटतो. हुत म्हणजे आहुती दिलेलं. खान्देशात हा शब्द काढला की आधी नंदुरबारचा शिरीषकुमार आठवतो, 9 सप्टेंबर 1942. तो तर शाळकरी पोर, म्हणजे शब्दाला गणवेश लागत नाही. तरी त्यात देशासाठी, ध्येयासाठी मरण हा अर्थ इतका मुरलाय की पुराच्या प्रसंगी मी तो वापरणार नाही.

निवृत्त हवालदार: फौजेत हा फरक पक्का आहे. परमवीर, महावीर आणि वीर चक्र शत्रूसमोरच्या पराक्रमाला. शत्रू समोर नसताना जीव धोक्यात घातला तर अशोक, कीर्ती, शौर्य चक्र. 1952 साली ही तिन्ही अशोक चक्राचेच वर्ग 1, 2, 3 होती, आजची नावं 1967 पासूनची. तेव्हा 'शौर्य' बिनधास्त लिहा. 'शांतताकालीन शौर्य' नको, ती फायलीतली भाषा. आणि पदक मिळालेलं नसेल तर 'चक्र' शब्द चुकूनही नको.

गिरणाकाठी: त्याची आजी एवढंच म्हणते, "तो लढाईमा नही गया, पूरमा गया."

अमळनेरकर: आजींचंच धरा. 'पुरातून दोन मुलांना वाचवताना प्राण अर्पण केले.' बस. आणि कोरणाऱ्याला बजावा, 'स्मृतिफलक'मधली 'ति' ऱ्हस्व. दगडावर खोडता येत नाही.

गिरणाकाठी: दोघांत एक मुलगी आहे. 'मुलांना' चालेल?

अमळनेरकर: चालेल, त्यात तीही आली. 'मुलग्यांना' लिहिलंत तर नाही.