संकेतस्थळांसाठी लेखन : मोबदला शब्दांवर घ्यावा की लेखावर?

लेखणीधर
संकेतस्थळांसाठी पैसे घेऊन लिहिणाऱ्यांत शब्दामागे दर लावायची पद्धत रुळली आहे. माझ्या मते ती लेखकाच्या तोट्याची आहे. नव्याने येणाऱ्याने पहिल्याच कामापासून ती टाळावी.

१००० शब्दांच्या माहितीपर लेखाला लागणारा वेळ मांडून बघा. वाचन आणि विषय समजून घेणं २ तास, आराखडा अर्धा तास, कच्चा खर्डा २ तास, सफाई आणि तथ्यांची तपासणी १ तास, ईमेल-फोन अर्धा तास, सांगितलेल्या दुरुस्त्या १ तास. एकूण ७. शब्द उमटतात ते त्यातल्या दोनच तासांत, आणि दर बहुधा तेवढेच डोळ्यांसमोर ठेवून ठरतो. शिवाय १४०० शब्दांचा खर्डा घासूनपुसून १००० वर आणला की लेख सुधारतो, पण बिल उतरतं.

त्यापेक्षा महिन्याची गरज भागिले महिन्यात बिलात येणारे तास, असा आपला तासाचा दर मनाशी काढा. आठवड्याला ४० तास बसत असाल तर बिलात २५ च धरा, कारण कामं शोधणं, नमुने पाठवणं, वसुली यांचे पैसे कोणी देत नाही. तो दर गुणिले लेखाचे तास, वर २० टक्के. ग्राहकाला फक्त शेवटचा आकडा कळवा.

काटेकोर
असहमत. नवख्याला तासांचा अंदाज येत नाही, हीच तर मूळ अडचण. सात तासांचं धरलेलं काम बारावर जातं आणि आकडा आधीच देऊन बसलेला असतो. एकरकमी कामात ‘लेख’ म्हणजे नेमकं काय हे कोणी लिहून घेत नाही. मग १२०० शब्दांच्या लेखाला एक तक्ता, पाच प्रश्नोत्तरं, चार चित्रओळी, शोधनिकालात दिसणारं दोन ओळींचं वर्णन असं शेपूट वाढत जातं. शब्दांवर दर असला की वाढलेलं सगळं मोजलं जातं.

खर्डा कापल्याने बिल उतरतं, हा मोजणी न ठरवल्याचा परिणाम आहे. काम घेतानाच दोन वाक्यं लिहून घ्या : मोजणी सोपवलेल्या खर्ड्याची होईल, प्रकाशित मजकुराची नाही, आणि मागणी १००० ची असेल तर ९०० ते ११०० मध्ये काहीही आलं तरी बिल १००० चंच. शीर्षकं, तक्ते, चित्रओळी मोजणीत धरायच्या का, तेही तिथेच.

दुभाषी
मराठीत लिहिणाऱ्यांसाठी एक मुद्दा दोघांकडूनही सुटला. आपले प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटतात. ‘घरासमोरच्या झाडाखालीसुद्धा’ हे मोजणीत दोन शब्द. तेवढ्याच आशयाला इंग्रजीत नऊ लागतात. हे टोकाचं उदाहरण आहे, पण इंग्रजीतून मराठीत आणलेला मजकूर शब्दसंख्येने आटतो हे खरं. म्हणून अशा अनुवादात दर मूळ मजकुराच्या शब्दांवर घ्या. इंग्रजी लेखनाचा दर मराठीला जसाच्या तसा लावला की तेवढ्याच कष्टाला कमी पैसे पडतात. काही जण मग ‘घरा समोर’, ‘मुलां साठी’ असं तोडून आकडा वाढवतात. ते अशुद्ध तर आहेच, वर संपादकाला एकेक शब्द जोडत बसावं लागतं.

काटेकोर
हे मान्य. अक्षरांवर दर हा उपाय मात्र सुचवू नका. ‘क्षि’ आपल्या डोळ्यांना एक अक्षर, संगणकाच्या साठवणीत चार चिन्हं. एक साधन एक मोजतं, दुसरं चार, आणि भांडण नव्याने सुरू.

दीर्घपल्ला
तुम्ही दोघंही मजुरीचाच हिशोब करताय. लेख एकदा विकला की संपला. जाहिरातींच्या उत्पन्नात वाटा घेतला तर तोच लेख वर्षानुवर्षं देत राहतो. आपल्या संकेतस्थळावर जाहिराती दाखवून त्याचे पैसे देणारी गूगलची ॲडसेन्स सेवा २००३ पासून आहे, १०० डॉलर साठले की पैसे खात्यात येतात. चालू घडामोडी सोडून टिकाऊ विषय निवडायचे, जुने लेख दर सहा महिन्यांनी अद्ययावत करायचे.

लेखणीधर
दुसऱ्याच्या जागेवर हा भरवसा ठेवू नये, हे आग्रहाने सांगतो. लेख किती वेळा पाहिला गेला त्यावर पैसे देणारं असोसिएटेड कंटेंट हे संकेतस्थळ २०१० मध्ये याहूने घेतलं आणि २०१४ मध्ये बंद केलं. २०११ च्या फेब्रुवारीत गूगलने शोधनिकालांचा क्रम लावण्याच्या पद्धतीत ‘पांडा’ हा बदल आणला, तेव्हा घाऊक मजकूर छापणारी संकेतस्थळं शोधात खाली गेली आणि तिथल्या चांगल्या लेखांची वाचकसंख्याही त्यांच्याबरोबर पडली. वाटा घ्यायचाच असेल तर डोमेन (संकेतस्थळाचा पत्ता) स्वतःच्या नावावर असू द्या, प्रत्येक लेखाची प्रत स्वतःजवळ ठेवा आणि ते उत्पन्न सुरू होईपर्यंतच्या महिन्यांचा खर्च ठरल्या मोबदल्याच्या कामातून भागवा.

तपासनीस
२०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आल्यापासून हा वाद लेखणीधर यांच्या बाजूने झुकला आहे असं मला ठामपणे वाटतं. व्याकरणशुद्ध हजार शब्द आता मिनिटाभरात निघतात. त्यातला कोणता आकडा खोटा, कोणतं अवतरण कुणी कधी उच्चारलेलंच नाही, हे शोधायला मात्र माणूस तासन्‌तास बसतो. शब्दांवरचा दर नेमका स्वस्त झालेल्या भागावर बेतलेला आहे.

एक धोका मात्र दोन्ही पद्धतींत सारखाच. ‘यंत्राने लिहिलंय’ असा निकाल एखाद्या ओळख-साधनाने दिला म्हणून लेख नाकारला जातो. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने स्वतःचं असं साधन अचूकता कमी म्हणून २०२३ च्या जुलैत मागे घेतलं. करारात लिहा की केवळ साधनाच्या गुणांवर लेख नाकारता येणार नाही. लेख बदलांचा इतिहास जपणाऱ्या दस्तऐवजात लिहा, टिपणं जपून ठेवा. पुरावा म्हणून तेच कामी येतं.

काटेकोर
तपासणीचे पैसे वेगळे लावा, तक्रार नाही. शब्दांवर लेखनाचा दर आणि त्याखाली तपासणीची वेगळी ओळ, असं बिल करता येतं. ग्राहकालाही कशाचे पैसे जाताहेत ते दिसतं.

लेखणीधर
दिसतं, आणि खर्च कापायची वेळ आली की पहिली तीच ओळ कापली जाते! चुका असलेला लेख मग तुमच्याच नावाने छापला जातो. म्हणून एकच आकडा. तुमचा शेपटाचा मुद्दा बरोबर आहे, त्यासाठी करारात एवढं हवंच : शब्दमर्यादा आणि सोबतच्या गोष्टींची यादी, दुरुस्तीच्या दोनच फेऱ्या, त्याही लेख सोपवल्यापासून १५ दिवसांत. तिसरी फेरी तासावर. नव्या ग्राहकाकडून निम्मी रक्कम आगाऊ. लेखाचे हक्क पूर्ण रक्कम मिळाल्यावरच त्यांच्याकडे जातील, आणि लिहून झालेला लेख त्यांनी वापरलाच नाही तर निम्मे पैसे ठेवून तो दुसरीकडे द्यायला तुम्ही मोकळे.

काटेकोर
ही यादी शब्दांवरच्या कामालाही जशीच्या तशी लावेन. पहिली दहा कामं मात्र शब्दांवरच घ्यावीत, प्रत्येकाचे खरे तास वहीत लिहावेत. तुमचा तो एकरकमी आकडा त्या वहीशिवाय काढणार कशावरून?