मदत हवी आहे: आत्याने 'स्टे' आणलाय, पेरणी करू का नको? (लवकर सांगा)

मृगकिडा (लातूर जिल्हा)
वापसा आलाय, बी-खत घरात येऊन पडलंय, आणि आत्याने जमिनीवर स्टे आणला म्हणून गावभर बोलायलेत. कागद आलाय त्यात निशाणी 5, म्हणणे, कैफियत असलं काहीबाही आहे. स्टे आणि 'जैसे थे' एकच का? ट्रॅक्टरवाल्याला उद्याचं सांगितलंय. माहीत असेल त्यानंच बोला, उगं अंदाज नकोत.

बांधभाऊ
आधी कॅव्हेट टाक, म्हणजे आमचं ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नका असा कोर्टात अर्ज. माझ्या भांडणात कॅव्हेट होतं म्हणून समोरच्याला एकतर्फा काहीच मिळालं नाही. 90 दिवस चालतं.

माजी बेलीफ
कागद कोणी आणून दिला, कोतवालानं का बेलीफानं? वर तहसीलदार आहे का दिवाणी न्यायाधीश? फेरफाराची, म्हणजे सातबाऱ्यावर नाव बदलल्याची तक्रार वेगळी, दावा वेगळा. आणि बांधभाऊ, दावा लागून नोटीस हातात पडली. आता कॅव्हेट म्हणजे वरातीमागून घोडं.

मृगकिडा
कोर्टाचाच आहे. 'कनिष्ठ स्तर' लिहिलंय. सही करून घेतला मी. तहसीलचं काही नाही, फेरफार वडलांच्या नावानं कधीच झालाय.

नांदेडची लेक
एकट्या वडलांच्या नावानं? वारसात आत्याचं नाव घातलंच नव्हतं का?

मृगकिडा
तो विषय नाही ताई. पेरणीचं सांगा.

परभणीकर
आजोबा 2005 च्या वारसा कायद्यातल्या दुरुस्तीच्या आधी वारले असतील तर आत्याला काही मिळत नाही. आमच्याकडं वकिलानं स्पष्ट सांगितलं होतं.

नांदेडची लेक
कधी सांगितलं होतं? ऑगस्ट 2020 ला सुप्रीम कोर्टाने विनीता शर्मा प्रकरणात निकाल दिलाय, वडील 2005 च्या त्या दुरुस्तीच्या तारखेला हयात असायची अट राहिली नाही. आणि ते सोडा, बापाच्या वाट्यात वारस म्हणून मुलगी 1956 च्या कायद्यापासूनच आहे. शिवाय बाईला उत्पन्न न बघता विधी सेवा समितीकडून वकील फुकट मिळतो. साडीचोळीवर भागवायचे दिवस गेले.

बांधभाऊ
म्हणून म्हणतो, बहिणीकडून हक्कसोड (वाटा सोडल्याचा दस्त) करून घ्यायचं वेळेवर. लोकअदालतीत बसा, मिटवा, तिथल्या निवाड्यावर अपील नाही.

माजी बेलीफ
पोराला आज काय करायचं ते कोणी सांगेना. ऐक. निशाणी म्हणजे फाइलीतल्या कागदाचा नंबर. तूर्तातूर्त मनाईचा अर्ज आपल्याकडं बहुतेक पाचव्या नंबरला लागतो, म्हणून वकील त्या अर्जालाच 'निशाणी 5' म्हणतात. त्या अर्जावर तुझं उत्तर ते 'म्हणणे'. सगळ्या दाव्याला उत्तर ती 'कैफियत'. कैफियतीला समन्स मिळाल्यापासून 30 दिवस, कारण पटलं तर कोर्ट वाढवून देतं, 90 पर्यंत. म्हणणे मात्र नोटिशीवरच्या तारखेला.
'जैसे थे' म्हणजे आज जे ज्याच्या ताब्यात, ते तसंच. तू कसत असशील तर तुझं कसणंसुद्धा त्यात बसू शकतं, पण आदेशाचे शब्द बघितल्याशिवाय कोणी छातीठोक सांगू नये. तुझ्या कागदावर 'मनाई हुकूम का देण्यात येऊ नये' असं आहे का? असेल तर हुकूम अजून झालेलाच नाही, नुसतं विचारलंय. मी नोकरीत असताना असे कागद घेऊन गेलो की निम्मी माणसं मलाच शिव्या द्यायची, 'स्टे घेऊन आलास' म्हणून.

उर्दू दप्तर
1954-55 चं खासरा पाहणी पत्रक (जमिनीचं जुनं सरकारी रेकॉर्ड) काढलंय का? त्याच्याशिवाय मराठवाड्यात जमिनीचं बोलूच नये. मी कुणबी नोंदीसाठी काढलं तर पणजोबाचं नाव उर्दूत सापडलं. वाचणारा माणूस हवा असेल तर सांगा.

मृगकिडा
दुसरं पान गाडीच्या डिक्कीत राहिलं होतं. असं आहे: "दावा मिळकत विक्री, गहाण, बक्षीस अथवा अन्य प्रकारे हस्तांतरित करू नये अशी तूर्तातूर्त मनाई प्रतिवादी क्र. 1 ते 3 यांना का करण्यात येऊ नये..." पेरणीचा प पण नाही.

माजी बेलीफ
मग आत्या पेरू नको म्हणतच नाही, विकू नको म्हणायलीय. पेर. तारीख कधीची आहे?

मृगकिडा
उद्याची.

माजी बेलीफ
आणि हे आत्ता सांगायलास! ट्रॅक्टरवर भावाला उभं कर अन् तू सकाळी कोर्टात जा. वकील मिळाला तर वकीलपत्र दे, नाही मिळाला तर पुकारा झाला की स्वतः उभं राहून मुदत माग. गैरहजर राहिलास की मगच खरा एकतर्फा होतो.

परभणीकर
75 ते 100 मिलिमीटर पाऊस झालाय का पण? सोयाबीन असेल तर घाई नको. मागं आमचं दुबार झालं.

नांदेडची लेक
विक्रीची बोलणी चालू होती का?

मृगकिडा
रस्त्याकडचा दीड एकर फक्त.

उर्दू दप्तर
कोणता रस्ता? शक्तिपीठ महामार्ग का?